मोयामोयाचं ऑपरेशन ठरलंय? स्ट्रोक टाळायला घरच्यांनी काय काय बघायचं

माझ्या ताईचं मोयामोया या मेंदूच्या रक्तनळ्यांच्या आजारासाठी बायपास झालं, डोक्यातलं, हृदयाचं नाही. त्या महिन्याभरात जे शिकलो ते लिहितोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे वाचून तुमच्या न्यूरोसर्जनना प्रश्न विचारा, गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका.

या आजारात मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य नळ्या कवटीच्या तळाशी अरुंद होत जातात आणि आजूबाजूला बारीक नळ्यांचं जाळं तयार होतं. अँजिओग्राफीत ते धुरासारखं दिसतं, म्हणून जपानी डॉक्टरांनी १९६९ मध्ये मोयामोया (जपानीत धुरासारखं धूसर) हे नाव वापरलं. ऑपरेशनमध्ये कानासमोरून वर जाणारी कातडीखालची नळी मेंदूवरच्या नळीला टाके घालून जोडतात, ती जेमतेम एक मिलिमीटरची असते. काहींना नळी नुसती मेंदूवर ठेवतात, तिथे नवीन रक्तपुरवठा वाढायला महिने जातात, म्हणजे तेवढे दिवस धोका तसाच राहतो हे लक्षात ठेवा.

आता धोका कोणाला जास्त? नुकताच स्ट्रोक होऊन गेलाय, किंवा हातपाय थोडा वेळ लुळे पडून परत ठीक होण्याचे झटके वारंवार येतायत, डायबेटीस आहे, मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणारी नळीही अरुंद झालीये, अशांना ऑपरेशननंतर स्ट्रोक यायची शक्यता जास्त असते. म्हणून ताजा स्ट्रोक असेल तर बरेचदा डॉक्टर काही आठवडे थांबतात. आम्हाला ते थांबणं नको वाटत होतं, पण कारण कळल्यावर पटलं. छोटे झटके "चक्कर होती" म्हणून सोडून देऊ नका, तारीख, वेळ, कुठला हात, किती मिनिटं, सगळं वहीत लिहा आणि दाखवा.

बाकीचं बरंचसं पाणी, श्वास आणि बीपी यांच्यावर येतं. रक्त आधीच कमी पोचतंय, त्यात शरीर सुकलं किंवा बीपी घसरलं की मेंदू उपाशी पडतो. ऑपरेशनच्या आधी एकादशी, संकष्टी काही धरू नका, आणि रात्रीपासून उपाशी ठेवणार असतील तर सलाईन कधी लावणार ते आधीच विचारा, नंबर दुपारचा असेल तर नक्कीच. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेही आधी सांभाळायला हवं. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती थांबवायची की नाही हे फक्त सर्जननी सांगायचं, शेजारच्या काकांनी नाही.

श्वासाचं फार कमी लोकांना माहीत असतं. जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या नळ्या आकसतात. मोयामोयाच्या मुलांना गरम नूडल्सवर फुंकर मारताना, रडताना झटके येतात ते याचमुळे. मग आपल्याकडे कपालभाती आणि भस्त्रिका बंद, चहाला फुंकर मारत बसायचं नाही, तो बशीत ओतून गार होऊ द्यायचा. वेदना आणि घाबरण्यानेही श्वास वाढतो, म्हणून ताईला ऑपरेशननंतर दुखायला लागलं की "सहन कर" न म्हणता मी लगेच सिस्टरना बोलवायचो.

आणि उलटंही आहे. ऑपरेशननंतर बीपी फार चढलं तर नव्याने जोडलेल्या भागात एकदम जास्त रक्त जाऊन सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो. डोकेदुखी, बोलताना शब्द न सापडणं अशी लक्षणं पहिल्या काही दिवसांत दिसतात, आणि ती स्ट्रोकसारखीच वाटतात, पण दोन्हीचे उपाय वेगळे, एकात बीपी खाली आणतात तर दुसऱ्यात पडू देत नाहीत. घरी बसून ओळखता येत नाही, स्कॅन लागतो. शिवाय स्ट्रोक ऑपरेशन न झालेल्या बाजूलाही येऊ शकतो, त्यामुळे दोन्ही हात बघा.

आम्ही सकाळ-संध्याकाळ ताईला दोन्ही हात समोर धरायला लावायचो, "आज वार कुठला" विचारायचो आणि हसायला सांगायचो. चश्म्याची दांडी नेमकी त्या जोडलेल्या नळीवर दाबते, म्हणून चश्मेवाल्याकडून ती सैल करून घेतली, घट्ट स्कार्फ, टोपी, हेअरबँड, त्या कुशीवर झोपणं, सगळं बंद. डॉक्टरांनी दाखवल्यावर ताई स्वतः कानासमोर बोट हलकं ठेवून ठोका बघायची, न दाबता. हात खाली पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर "थोडं थांबून बघू" अजिबात नाही, घड्याळात वेळ बघायची आणि १०८ लावायचा, आणि बायपास झालेला पेशंट आहे हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.