पॉइंट टू-टूची बॅरल संपली, हे कसे ठरवावे

पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या, रायफलने मारताना गुण घसरू लागले की नेमबाजाचा पहिला संशय बॅरलवर, म्हणजे नळीवर, जातो. रीतसर तपास केल्यावर मात्र दोषी म्हणून तिचे नाव बहुधा सर्वांत शेवटी येते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून या प्रकाराकडे वळलेली मुले माझ्याकडे हा प्रश्न घेऊन वारंवार येतात. नवी मॅच रायफल अनेकांना परवडत नाही, आणि हाती आलेल्या जुन्या रायफलमधून आजवर किती गोळ्या गेल्या, हे विकणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही. म्हणून गोळ्यांच्या आकड्यावर विसंबून न राहता बॅरलची परीक्षा कशी घ्यावी, ते येथे क्रमाने सांगतो.

आधी झीज होते कुठे, हे समजून घ्यावे. पॉइंट टू-टूच्या काडतुसात दारू जेमतेम एक-दोन ग्रेन, म्हणजे ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते, आणि गोळी उघड्या शिशाची, वरून मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर दिलेली असते. शिसे पोलादाला झिजवत नाही. झिजवतो तो काडतुसाच्या कडेत भरलेला, ठिणगी देणारा मसाला, कारण घर्षण वाढावे म्हणून त्यात बहुधा काचेची बारीक पूड मिसळलेली असते. प्रत्येक गोळीनंतर ही पूड आणि जळका कार्बन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, लगेच पुढे, बॅरलच्या तळाशी बसतो, आणि पुढची गोळी त्यावरून घासत जाते. म्हणूनच या बॅरलची झीज सर्व बाजूंनी सारखी नसते; घड्याळात सहाचा आकडा जिथे असतो, त्या जागी, रायफलिंग, म्हणजे आतल्या पिळदार खाचा आणि उंचवटे, सुरू होते तिथल्या एखाद-दोन इंचांत ती आधी दिसते. नीट निगा राखलेली बॅरल पन्नास हजार गोळ्या सहज ओलांडते आणि लाखाच्या पुढे जाऊनही सामना मारून देणाऱ्या बॅरल आहेत. उलट, सळई सरळ ठेवणारा गाइड न लावता वाकड्या सळईने रोज घासलेली किंवा पावसाळ्यात कोकणच्या हवेत तेल न लावता पेटीत बंद ठेवलेली बॅरल त्याच्या कितीतरी आधी हातची जाते. ती झिजत नाही, तर मारली जाते, असेच मी म्हणेन.

किती बिघडले म्हणजे ‘संपली’ म्हणायचे, याचे माप लक्ष्यावरच छापलेले आहे. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर. रेषेला स्पर्श झाला तरी दहा मिळत असल्यामुळे गोळीचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत राहिले पाहिजे. म्हणजे सर्व गोळ्यांची केंद्रे १६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात मावली, तर बॅरलने स्वतःहून एकही दहा घालवला नाही असे म्हणता येते. पण हा झाला कमाल हिशेब. यात माणसाच्या चुकीला तसूभरही जागा उरत नाही. दशांश गुणांत पाहिले, तर प्रत्येक ०.८ मिलिमीटरला ०.१ गुण जातो, आणि केंद्रापासूनचे सरासरी अंतर तेवढेच वाढले तरी साठ गोळ्यांच्या प्रोन (पालथे झोपून मारायच्या) सामन्यात सहा गुण उडतात. त्यामुळे प्रश्न ‘बॅरल चालते का’ असा नसून ‘तिचे सरासरी अंतर पूर्वीपेक्षा किती वाढले’ असा आहे, आणि पूर्वीची नोंद नसेल तर त्याला उत्तर नाही.

तपास सुरू करण्यापूर्वी इतर संशयितांना बाजूला काढावे. एका हंगामात माझ्या रायफलचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा गोळ्यांचा पुंजका, अचानक फुटला होता. मी दोन महिने बॅरललाच बोल लावला, नव्या बॅरलच्या किमतीची चौकशीही केली, आणि अखेर कुंदा उतरवताना मागचा स्क्रू जवळजवळ बोटानेच फिरला. तेव्हापासून पहिले काम मी टॉर्क-रेंच हाती घेऊन करतो: ॲक्शनचे, म्हणजे काडतूस भरून उडवणाऱ्या यंत्रणेचे, दोन्ही स्क्रू उत्पादकाने दिलेल्या मापाला घट्ट आहेत का, ॲक्शन कुंद्यात हलत नाही ना आणि मागचा डायॉप्टर (बारीक छिद्राची साइट) व पुढची साइट डुगडुगत नाहीत ना, हे पाहतो. दुसरे काम फायरिंग पिनचे. तिची स्प्रिंग थकली असेल तर मसाला सारख्या जोराने पेटत नाही, गोळीच्या वेगात फरक पडतो आणि ग्रुप उभा लांबतो. हिशेब करून पाहावा: सुमारे ३२० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या गोळीत १० मीटरचा फरक पडला, तर ५० मीटरवर ती सुमारे सात मिलिमीटर वर किंवा खाली लागते. आडवा न पसरता फक्त उभाच वाढलेला ग्रुप दिसला, तर बॅरलआधी स्प्रिंग बदलावी आणि काडतुसांचा लॉट, म्हणजे एकत्र बनलेली खेप, बदलून पाहावा. स्प्रिंगची किंमत बॅरलच्या तुलनेत अगदीच नगण्य असते.

यानंतर चेंबरपुढचा कार्बन काढावा, कारण या कार्बनच्या कड्याने जेवढ्या चांगल्या बॅरल नाहक बाद झाल्या तेवढ्या झिजेने झाल्या नसतील. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) काढून त्या जागी बोअर गाइड बसवावा, सळई नेहमी चेंबरच्या बाजूने घालावी, कार्बन विरघळवणाऱ्या द्रावणात भिजवलेला फेल्ट (नमद्याचा बोळा) चेंबरच्या तोंडाशी नेऊन थांबवावा आणि पंधरा-वीस मिनिटे तसाच राहू द्यावा. मग ब्राँझचा ब्रश फक्त त्याच टप्प्यात सावकाश फिरवावा आणि कोरडे फेल्ट स्वच्छ येईपर्यंत घालत राहावे. कोरडा, घट्ट बसणारा फेल्ट सळईने पुढे ढकलताना हाताकडे लक्ष द्यावे. चांगल्या बॅरलमध्ये चेंबरपासून तोंडापर्यंत विरोध सारखा जाणवतो किंवा तोंडाकडे किंचित वाढतो. मध्येच सळई मोकळी होऊन पुढे धावली, तर तिथे भोक सैल आहे, आणि अडखळली तर शिसे चिकटले आहे किंवा गंज लागलेला आहे. फेल्टवर चंदेरी कपच्या आल्या तर त्या शिशाच्या असतात. एवढे झाल्यावर लगेच चाचणी घेऊ नये. स्वच्छ बॅरलला मेणाचा थर पुन्हा बसवून घ्यायला दहा-वीस गोळ्या लागतात, आणि त्या कशा लागल्या याची दखल घ्यायची नसते.

आता खरी चाचणी. ती शक्यतो बंदिस्त, वारा नसलेल्या रेंजवर घ्यावी आणि कुंदा काढून बॅरलसह ॲक्शन क्लॅम्पमध्ये पकडावी, म्हणजे नेमबाज, कुंदा आणि साइट हे तिघेही प्रकरणातून बाहेर पडतात. क्लॅम्प मिळत नसेल तर रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून सर्व गोळ्या एकाच नेमबाजाने, एकाच बैठकीत माराव्यात, मात्र मग निष्कर्ष तितका पक्का धरू नये. किमान तीन लॉट घ्यावेत, आणि त्यांपैकी एक जुना, पूर्वी याच बॅरलमधून उत्तम लागलेला असावा. असा ‘साक्षीदार लॉट’ म्हणून दोन-तीनशे काडतुसे कोरड्या जागी बाजूला ठेवण्याची सवय मी प्रत्येकाला लावतो, कारण नव्या लॉटवर ग्रुप फुटला तर दोष लॉटचा की बॅरलचा, हे जुन्या लॉटशिवाय कळत नाही. लॉट बदलला की पहिल्या दहा गोळ्या मोजणीत धरू नयेत. आधीच्या काडतुसाचे मेण जाऊन नव्याचे बसायला तेवढ्या लागतात. मग प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप घ्यावेत. पाच गोळ्यांच्या एका ग्रुपवरून निकाल देणे म्हणजे शिताऐवजी वाफेवरून भाताची परीक्षा करणे होय. काहीही न बदलता लागोपाठ मारलेल्या अशा दोन ग्रुपांच्या आकारात दीडपट फरक सहज पडतो. चाळीसही गोळ्या एकमेकींवर ठेवून एकच चित्र करावे, त्याचे केंद्र काढावे आणि प्रत्येक गोळीचे त्या केंद्रापासूनचे अंतर मोजून सरासरी काढावी. फक्त टोकाच्या दोन गोळ्यांमधील अंतर मोजले, तर अडतीस गोळ्यांची साक्ष वाया जाते.

निकाल वाचताना ग्रुपच्या आकारापेक्षा त्याचे वागणे अधिक सांगते. झिजलेली बॅरल एका दिवसात फुटत नाही. आधी दहांत एखादी गोळी कारण नसताना बाहेर जाऊ लागते, काही महिन्यांनी पाचांत एक जाते, आणि ती नेहमी एकाच बाजूला न जाता कुठेही जाते. दुसरी खूण म्हणजे स्वच्छतेची भूक. पूर्वी जी बॅरल एकदा साफ केल्यावर चार-पाचशे गोळ्या सारख्या मारत असे, ती शंभरातच विस्कटू लागते, साफ केली की पुन्हा सावरते आणि पुन्हा लवकर विस्कटते. चेंबरपुढचा पृष्ठभाग खरखरीत झाल्यामुळे तिथे कचरा आणि शिसे झपाट्याने धरते, हे त्याचे कारण. तिसरी खूण अशी की पूर्वी तिला चारांपैकी तीन लॉट मानवत असत, आता एखादाच मानवतो. या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या आणि साक्षीदार लॉटचे सरासरी अंतरही स्पष्ट वाढलेले असले, तर बॅरल संपत आली असे समजावे. एकच गोष्ट दिसली तर थांबावे आणि महिन्याभराने चाचणी पुन्हा घ्यावी.

मोबाइलला जोडायचे बोअरस्कोप आता स्वस्तात मिळतात, पण त्यांनी जितकी मदत होते तितकीच घबराटही पसरते. भिंगातून पाहिले तर कोरी बॅरलही नांगरलेल्या शेतासारखी दिसते. त्यामुळे पाहायचे ते ठरावीक ठिकाणी: चेंबरच्या पुढे, सहाच्या जागी. तिथे उंचवट्यांच्या कडा गोलसर होऊन पुसट झाल्या असतील, करडा, खाचखळग्यांचा पट्टा दिसत असेल आणि तो कार्बन काढल्यावरही तसाच राहत असेल, तर ती झीज आहे. बाराच्या जागी तोच भाग तीक्ष्ण दिसला तर तुलनेने खात्री पटते. तोंडाकडची कडा, म्हणजे क्राउन, पाहायला तर भिंगही लागत नाही. कान साफ करायची कापसाची काडी भोकात किंचित घालून सर्व बाजूंनी बाहेरच्या दिशेने ओढावी. जिथे कापसाचा तंतू अडकेल, तिथे कडेला खवला आहे. ही दुरुस्त होणारी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी बॅरल टाकून देऊ नये.

३०० मीटरच्या सेंटरफायर, म्हणजे मसाला काडतुसाच्या कडेऐवजी मध्यभागी असलेल्या, रायफलचा हिशेब वेगळा आहे. तिथे दारू दोन-तीन ग्रॅम असते, दाब कितीतरी जास्त असतो आणि तापलेल्या वायूने चेंबरपुढचे पोलाद भाजून त्याला सुसरीच्या कातड्यासारख्या भेगा पडतात. सहा मिलिमीटरच्या मॅच बॅरल साधारण दोन-अडीच हजार गोळ्यांतच उताराला लागतात. तिथे गोळी रायफलिंगला कुठे टेकते ते अंतर मापून लिहीत जावे आणि वेगमापक वापरावा. तेच काडतूस हळूहळू कमी वेगाने जाऊ लागले, की शेवट जवळ आला.

बॅरल खरोखर संपली असे ठरल्यावरही दोन उपाय उरतात. झीज फक्त चेंबरपुढच्या इंचा-दीड इंचातच असेल, तर मागून तेवढा भाग कापून नवे चेंबर काढता येते, आणि क्राउन बिघडले असेल तर तोंड पुन्हा लेथवर फिरवता येते. हे काम परवानाधारक शस्त्रकारागिराकडूनच करून घ्यावे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली शस्त्राचे सुटे भाग हेही शस्त्रच धरले जातात आणि दुरुस्तीलाही परवाना लागतो. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बॅरल नेऊन देणे हा गुन्हा ठरू शकतो, शिवाय तिथल्या लेथवर भोकाचे आणि चेंबरचे मध्य जुळतीलच असेही नाही. नवी बॅरल घेतली, तर ती स्थिरावल्यावर, साधारण पाचशे गोळ्यांनंतर, वर सांगितलेली चाळीस गोळ्यांची चाचणी लगेच घ्यावी. त्या कागदावर तारीख, लॉट क्रमांक, तापमान आणि सरासरी अंतर लिहावे, त्याच लॉटची तीनशे काडतुसे वेगळी काढावीत आणि कागद त्यांच्याच डब्यात ठेवावा.