रोशा गवत : तुरा दिसला की लगेच विळा नको

जूनअखेर लावलेलं रोशा गवत (पामरोजा, सुगंधी तेलासाठी लावतात ते) आता फुलोऱ्यावर येतंय. पुढचे दोन आठवडे तेलाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे.

या गवतात तेल सर्वाधिक असतं ते तुऱ्यात. पानांत त्याहून कमी, दांड्यात जवळपास नाहीच. फुलोऱ्याआधी कापलं तर वाफेवर तेल काढायची टाकी भरते, जळणही तेवढंच लागतं, तेल मात्र बेताचंच निघतं. शिवाय कोवळ्या तुऱ्याच्या तेलात जिरॅनिल ॲसिटेट हा घटक जास्त असतो. तुरा पक्व होताना झाडातलंच विकर (एन्झाइम) त्याचं जिरॅनिऑल हे गुलाबासारख्या वासाचं द्रव्य करतं, आणि तेलाची प्रत त्यावरच जोखली जाते. चांगल्या तेलात ते 75 ते 90 टक्के असतं. मात्र बी भरून तुरे वाळू लागले की तेलाचा उताराच घसरतो. म्हणून फुलं उमलल्यावर 7 ते 10 दिवसांत कापणी उरका.

सगळे ठोंब एकदम फुलत नाहीत. बांधावरून अंदाज बांधू नका. आत शिरून चार-पाच ठिकाणचे तुरे हातात घेऊन पाहा. निम्म्याहून जास्त तुरे पूर्ण उमलले असतील, तिथून दिवस मोजा. शंका असेल तर दर तीन दिवसांनी पावशेर ताजं गवत क्लेव्हेंजर उपकरणात (तेलाचं प्रमाण मोजायचं काचेचं छोटं उपकरण) तीन तास उकळून उतारा बघा. तेलातले घटक मात्र गॅस क्रोमॅटोग्राफी या प्रयोगशाळेतल्या तपासणीतच कळतात.

पाऊस पडून गेल्यावर लगेच कापू नका. ऊन पडू द्या, दव सुकू द्या. जमिनीपासून 10 ते 15 सेंमी वर कापा. त्याखाली विळा गेला तर फुटव्याचे डोळे दुखावतात आणि पुढची कापणी लांबते.

कापलेलं गवत सावलीत पातळ पसरा, फार तर एक दिवस. ओल्या गवताचा ढीग रात्रभर राहिला तर सकाळी आत हात घातल्यावर ऊब लागते, आंबूस वास येतो. असं गवत टाकीत गेलं तर तोच वास तेलात उतरतो, मग काही करता येत नाही.

टाकीत गवत सगळीकडे सारखं दाबून भरा. पोकळी राहिली तर वाफ तिथूनच निसटते आणि बाजूचं गवत तसंच राहतं. अडीच ते तीन तास वाफ द्या. कंडेन्सरमधून (वाफ थंड करणाऱ्या भागातून) येणारी धार कोमट लागली तर थंड पाणी वाढवा, नाहीतर तेल वाफेबरोबर उडून जातं. वर तरंगलेलं तेल काढून त्यातलं पाणी पूर्ण निथळा, आणि गंज नसलेल्या डब्यात काठोकाठ भरून अंधारात ठेवा.