साहेबांवर लिहायचंय? आधी वाक्य नीट बांधा

दोन महिन्यांत उखडलेल्या रस्त्यावर लिहायचं ठरवलंत, तर आधी कागद मिळवा. माहिती अधिकारात अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तकातल्या (झालेल्या कामाची मापं लिहितात ते) नोंदींच्या साक्षांकित प्रती मागा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. जागेचे फोटो काढा आणि मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. फॉरवर्ड होऊन आलेली प्रत पुरावा म्हणून लंगडी पडते.

खरी मेहनत वाक्यावर आहे. ‘अभियंत्याने ठेकेदाराकडून पैसे खाल्ले’ हे टाइप करायला चार सेकंद लागतात, सिद्ध करायला हातात काहीच नसतं. त्याऐवजी असं लिहा: ‘मोजमाप पुस्तकात डांबराचा थर ५० मिमी नोंदवला आहे. उखडलेल्या कडेला तीन ठिकाणी पट्टी लावली, तर तो ३० मिमीच्या आसपास भरला. या नोंदीवर सही करणाऱ्या अभियंत्याने हलगर्जीपणा केला, असं माझं मत आहे.’ पहिली दोन वाक्यं वस्तुस्थिती, तिसरं मत. आणि ते मत कशावर उभं आहे हे वाचणाऱ्याला दिसतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधला, म्हणजे बदनामीच्या कलमातला, दुसरा अपवाद अशाच मताला जागा देतो: लोकसेवकाच्या सरकारी कामातल्या वागणुकीबद्दल सद्भावनेने मांडलेलं मत. त्याची बायको, बंगला, जात यांना हात लावलात की हे छत्र गेलं.

‘माझ्या मते’ हा काही ताईत नव्हे. ‘माझ्या मते ते लाचखोर आहेत’ हा सरळ आरोपच आहे. मागे ‘म्हणे’ जोडा, पुढे ‘असे कळते’ लावा, शेवटी प्रश्नचिन्ह ठोका, फरक पडत नाही. ‘साहेबांचा प्रामाणिकपणा तर जगजाहीर!’ हा टोमणाही धोक्याचा, कारण उपरोधाने केलेला आरोप बदनामी ठरू शकतो हे कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. नाव गाळण्याची युक्ती तर निव्वळ बालिश. ‘आमच्या वॉर्डातले चष्मेवाले साहेब’ म्हटल्यावर कोण ते सगळ्यांना कळतं.

‘खरं आहे ना, मग घाबरता कशाला’ हा सल्ला अर्धाच आहे. दिवाणी दाव्यात सत्य पुरतं. फौजदारीत पहिला अपवाद सत्याबरोबर लोकहितही मागतो. आणि सद्भावना म्हणजे मन साफ असणं नव्हे. पुरेशी काळजी न घेता केलेली गोष्ट कायदा सद्भावनेची मानतच नाही. म्हणून लिहिण्याआधी अधिकाऱ्याला ईमेलवर दोन-तीन नेमके प्रश्न पाठवा, वाजवी मुदत द्या. उत्तर आलं तर छापा. नाही आलं तर कधी विचारलं होतं ते लिहा.

ही पडताळणी दिवाणीतही कामाला येते. १९९४ च्या राजगोपाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकारी कामावरच्या टीकेबद्दल अधिकाऱ्याला भरपाई हवी असेल, तर मजकूर खोटा आहे आणि खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापला, हे त्याने सिद्ध करावं. रीतसर पडताळून लिहिलं एवढं दाखवलं तरी तुमचं भागतं. सरकारला किंवा पालिकेला स्वतःच्या नावे असा दावा आणताच येत नाही. पण हे फौजदारीला लावू नका. जुन्या भारतीय दंड संहितेतलं बदनामीचं कलम २०१६ मध्ये याच न्यायालयाने कायम ठेवलं, आणि आजचं ३५६ हे त्याचंच नवं रूप. शिक्षा २ वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा.

लाचेचा संशय असेल तर पोस्ट नकोच. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवा. अधिकार असलेल्या यंत्रणेकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला आठवा अपवाद संरक्षण देतो. मात्र त्याच अर्जाचा फोटो ग्रुपवर टाकलात, तर ते संरक्षण तिथे येत नाही. वरिष्ठांकडे अर्ज केला असेल तर लोकांना फक्त तारीख आणि आवक क्रमांक सांगा.

वकिलाची नोटीस आली म्हणजे खटला झाला नाही. घाबरून पोस्ट उडवू नका. आधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मग वकील गाठा. आकडा चुकला असेल तर त्याच जागी, तितक्याच ठळकपणे दुरुस्ती टाका. पोलीस ठाण्यातून ‘येऊन जा’ असा फोन आला, तर लेखी नोटीस मागा: बदनामीचा गुन्हा अदखलपात्र आहे, आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही.