काकांच्या डोक्यात बसलेली अफवा काढायची कशी

फॅमिली ग्रुपवर "हे खोटं आहे" असं लिहून खाली लिंक चिकटवली आणि काका म्हणाले "अरे हो की, चुकलंच माझं", असं मी तरी कधी बघितलं नाहीये. अफवा म्हणजे एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल, आधी आला त्याची जागा, आणि नुसता रुमाल उचलून उपयोग नाही, तिथे दुसरं कोणीतरी बसवावं लागतं.

यावर १९९४ मध्ये जॉन्सन आणि सायफर्ट या दोघी मानसशास्त्रज्ञांनी मस्त प्रयोग केलाय. लोकांना गोदामाला आग लागल्याची गोष्ट वाचायला दिली, त्यात आधी आलं की कपाटात ऑइल पेंट आणि गॅस सिलिंडर होते, मग आलं की नाही, कपाट रिकामंच होतं. तरी नंतर आग का भडकली विचारलं तर लोक पेंटचंच नाव घेत राहिले, म्हणजे दुरुस्ती लक्षात असूनसुद्धा हां! पण आग मुद्दाम लावल्याचं दुसरं कारण दिलं तेव्हा पेंट बराच मागे पडला.

म्हणून आधी बघा की अफवा कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतेय. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपतीची मूर्ती दूध पिते अशी अफवा पसरली तेव्हा "अंधश्रद्धा आहे" म्हणणाऱ्यांचं कोण ऐकणार, चमच्यातलं दूध कमी होताना लोकांनी डोळ्यांनी बघितलं होतं ना. दूध गेलं कुठे हा खरा प्रश्न. दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून चमचा लावला, तर मूर्तीवरून दूध खाली ओघळल्याचं दिसलं. पृष्ठताण (द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो तो गुण) वगैरे नंतर सांगा, आधी हे सांगा.

दुसरं म्हणजे "लिंबूपाण्याने कॅन्सर बरा होत नाही" असं दहादा लिहू नका. तेच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडलं की खरं वाटायला लागतं, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसलंय, आणि त्यातला "नाही" कधी गळून पडतो कळत पण नाही. सुरुवात खऱ्या माहितीने करा, अफवेचा उल्लेख एकदाच, मग परत खरी माहिती, आणि तीसुद्धा काका दुसऱ्याला सांगू शकतील इतकी छोटी, कारण लांबलचक खुलासा पुढे कोण पाठवतंय.

ग्रुपवर सगळ्यांसमोर नको, फोन करा, "काका, हे तुम्हाला कोणी पाठवलं?" एवढंच विचारा आणि त्यांना बोलू द्या. एका फोनमध्ये होणार नाही, पुढच्या आठवड्यात जेवताना वगैरे परत विषय काढा.

मुलं पळवणारी टोळी आलीय टाइप मेसेज असेल तर मात्र हा निवांतपणा अजिबात नको. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला याच अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. तिथे काकांना पटवत बसू नका, आधी ११२ लावा.