अग्निवीर भरतीला उतरण्यापूर्वी

सैन्यात जावे की नाही, हे विचारायला येणारी मुले बहुतेक वेळा मनाने आधीच ठरवून आलेली असतात. त्यांना माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. मी तो लगेच देत नाही. मी स्वतः जुन्या पद्धतीने शिपाई म्हणून भरती झालो, पेन्शनसाठी लागणारी पंधरा वर्षांची अट पूर्ण केली आणि हवालदार होऊन घरी परतलो, त्यामुळे सैन्याविषयी माझे मत चांगलेच आहे. परंतु माझ्यासारख्या पेन्शनवर असलेल्या माणसाचा सल्ला ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, की आम्ही ज्या नोकरीच्या आठवणी सांगतो, ती नोकरी जवानाच्या पातळीवर आता तशी मिळत नाही. 14 जून 2022 रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि तेव्हापासून अधिकारी पदाखालची बहुतेक सगळी भरती अग्निवीर म्हणून, चार वर्षांच्या मुदतीसाठी होते. ही मुदत संपल्यावर प्रत्येक तुकडीतून जास्तीत जास्त 25 टक्के जणांना कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे आणि त्यांना पुढे किमान 15 वर्षे नोकरी करावी लागते. बाकीच्यांची सेवा तिथेच संपते. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

म्हणून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न हा विचारतो: आपण त्या पंचवीस जणांत नसू, उरलेल्या पंचाहत्तर जणांत असू, असे आजच गृहीत धरले, तरीही ही चार वर्षे तुम्हाला हवी आहेत का? उत्तर मनापासून ‘हो’ असेल तर पुढचे बोलणे सोपे होते. ‘मी नक्की पंचवीसमध्ये येईन’ असे उत्तर आले, तर मी त्या मुलाला आणखी काही दिवस विचार करायला सांगतो, कारण भरतीच्या मैदानावर उभा असलेला प्रत्येक जण हेच म्हणत असतो. कायम होण्याची निवड चार वर्षांतल्या कामगिरीवर होते आणि तिच्यावर कोणाचाही हक्क नसतो, हे भरतीच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. टक्केवारी वाढणार असल्याची चर्चा अधूनमधून कानावर येते. ती खरी ठरली तर आनंदच आहे, पण चर्चेच्या भरवशावर आयुष्याची चार वर्षे लावू नयेत. जाहिरातीत आज जे छापले आहे, तेवढेच धरून चालावे.

पैशांचा हिशेब मी मुलांना स्वतःच्या हाताने कागदावर मांडायला लावतो. पहिल्या वर्षी महिन्याचे पॅकेज 30,000 रुपये असते, दुसऱ्या वर्षी 33,000, तिसऱ्या वर्षी 36,500 आणि चौथ्या वर्षी 40,000. यातले 30 टक्के दरमहा सेवा निधीसाठी कापले जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात 21,000 आणि चौथ्या वर्षी 28,000 रुपये येतात. खडतर भागातल्या नेमणुकीचे भत्ते याखेरीज असतात, आणि राहणे, जेवण व गणवेश यांवर खिशातून फारसे काही जात नाही. चार वर्षांत तुमच्या पगारातून साधारण 5.02 लाख रुपये कापले जातात, सरकार तेवढीच भर घालते आणि व्याज धरून शेवटी सुमारे 11.71 लाख रुपये एकरकमी मिळतात. त्यावर आयकर नाही. एकविशी-बाविशीतल्या मुलाच्या हाती एवढी रक्कम येणे ही लहान गोष्ट नव्हे, हे मी मान्य करतो. मात्र तिच्याकडे पेन्शनला पर्याय म्हणून पाहू नये. पेन्शन दर महिन्याला येते आणि म्हणून ती कोणाला एकदम मागता येत नाही. एकरकमी पैशाचे तसे नसते. तो येण्याआधीच बहिणीचे लग्न, घराचा स्लॅब, जुने कर्ज आणि नवी गाडी असे त्याचे वाटेकरी घरात तयार झालेले असतात. हा पैसा कशासाठी आहे, हे भरतीला जाण्याआधी घरच्यांसमोर एकदा स्पष्ट बोललेले बरे.

जीवाच्या जोखमीबद्दल मुले बोलायचे टाळतात आणि आईवडील त्याहून जास्त टाळतात, पण आकडे माहीत असलेच पाहिजेत. सेवेच्या काळात 48 लाखांचा जीवन विमा असतो आणि त्याचा हप्ता अग्निवीराला भरावा लागत नाही. सेवेशी संबंधित कारणाने मृत्यू झाल्यास 44 लाख रुपये सानुग्रह अनुदान, उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवा निधी कुटुंबाला मिळतो. कायम जवानाच्या कुटुंबाला मिळणारी कुटुंब निवृत्तिवेतनाची सोय मात्र यात नाही. ज्या घरात हा मुलगाच एकटा कमावता होणार आहे, तिथे या फरकाचे वजन वेगळे पडते.

बऱ्याच जणांनी वाचलेली नसते अशी आणखी एक अट आहे. अग्निवीराला मधेच स्वतःच्या इच्छेने नोकरी सोडता येत नाही. अत्यंत अपवादात्मक परिस्थितीत, वरिष्ठांची मंजुरी मिळाली तरच सुटका होते, आणि तशी ती झाली तर सेवा निधीतला स्वतःचा वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा वाटा मिळत नाही. ‘जमले तर बघू, नाहीतर परत येऊ’ असा विचार असणाऱ्याने फॉर्मच भरू नये. अविवाहित असण्याची अटही केवळ भरतीपुरती नसून पूर्ण चार वर्षांसाठी आहे, हे घरात लग्नाची घाई असलेल्यांनी, आणि गुपचूप ठरवून बसलेल्यांनीही, ध्यानात घ्यावे.

आता आत गेल्यावरचे जीवन. महाराष्ट्रातली मुले बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात, नाशिक रोडला तोफखान्याच्या केंद्रात, खडकीला बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलाकडे, अहिल्यानगरला रणगाडा दलाकडे किंवा अशाच एखाद्या केंद्रात जातात. पहिले सहा-सात महिने प्रशिक्षणाचे असतात. त्या काळात तुमचा दिवस तुमचा राहत नाही: पहाटेची पी.टी., ड्रिल, शस्त्राचे वर्ग, लंगरपुढची रांग, संध्याकाळचे खेळ, रोल कॉल, आणि एकाची चूक झाली की सगळ्या प्लाटूनला मिळणारा रगडा. शरीराला या सगळ्याची सवय होते. मुलगा खचतो तो दुसऱ्याच कारणाने: सांगितलेले काम ‘का’ असे न विचारता, तत्काळ आणि पुन्हा पुन्हा करावे लागते. बिछान्याची घडी बोटभर वाकडी आहे म्हणून उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, ती विस्कटून टाकतो, तुम्ही नव्याने घालता, तो पुन्हा विस्कटतो, आणि तिसऱ्यांदा तीच घडी घालताना तुमच्या कपाळावर आठी दिसली की सगळे पहिल्यापासून सुरू होते. यातून काय घडते ते पुढे पलटणीत गेल्यावर समजते, पण त्या क्षणी ज्याचा अभिमान फार लवकर दुखावतो त्याला हे महिने जड जातात. मी पाहिलेले, निराश होऊन बसणारे बरेच जण अंगाने धडधाकट होते. याउलट घरी थोरल्याचे ऐकायची सवय असलेली, बेताच्या अंगाची मुले सहज रुळली. तुमचा स्वभाव कोणता, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

वर्षाला 30 दिवसांची सुट्टी असते, पण ती कधी मिळेल हे पलटण ठरवते. गणपतीत घरी येईन असा शब्द आईला देऊन ठेवू नये. सीमेवरच्या नेमणुकीत फोन लागत नाही असे दिवस येतात, आणि कुठे आहोत, काय करतो आहोत, याचे फोटो व व्हिडिओ टाकणे हा तिथे गंभीर गुन्हा ठरतो. समाजमाध्यमांवर गणवेशातले आयुष्य दाखवता येईल या ओढीने येणारी मुले अलीकडे दिसतात. त्यांनी दुसरे काही पाहावे.

निर्णय घेण्याच्या क्रमात शरीर तपासणी सगळ्यात आधी असायला हवी आणि आमच्याकडे ती सगळ्यात शेवटी येते. मुले अकॅडमीत पैसे भरतात, दोन-दोन वर्षे पहाटे पळतात, लेखी परीक्षा काढतात, मैदान मारतात आणि मेडिकलला रंगीत ठिपक्यांचे पुस्तक समोर आल्यावर त्यातला आकडा त्यांना दिसत नाही. रंगांधळेपणावर उपाय नाही आणि तो दहा मिनिटांत, कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे कळू शकतो. तसेच गुडघ्यांचे. सरळ उभे राहून गुडघे टेकवल्यावर दोन्ही घोट्यांमध्ये फार अंतर राहत असेल, तळपाय जमिनीला पूर्ण सपाट टेकत असतील, पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा दिसत असतील किंवा कानाचा पडदा फाटलेला असेल, तर आधी हाडांच्या, शस्त्रक्रियेच्या किंवा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन स्पष्ट उत्तर घ्यावे. काही दोष उपचाराने जातात आणि अपात्र ठरवल्यावर मिलिटरी हॉस्पिटलमध्ये फेरतपासणीची संधीही असते, परंतु वाकलेल्या हाडासाठी फेरतपासणी काही करू शकत नाही. महाराष्ट्रातल्या उमेदवाराला जनरल ड्युटीसाठी, म्हणजे साध्या जवानाच्या पदासाठी, 168 सेंटिमीटर उंची लागते. भिंतीला पाठ लावून प्रामाणिकपणे मोजावी. छाती 77 सेंटिमीटर आणि फुगवून 5 सेंटिमीटर वाढली पाहिजे. गोंदणाच्या बाबतीत सर्वसाधारण उमेदवाराला हाताची आतली बाजू, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताची मागची बाजू एवढीच मुभा आहे. दंडावर हौसेने कोरून घेतलेले नाव भरतीच्या दिवशी भलतेच महाग पडते.

मैदानाविषयी थोडक्यात. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत पूर्ण केल्यास 60 गुण मिळतात, त्यानंतर गट बदलतो आणि गुण उतरतात. दहा पुलअप्सना 40 गुण. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स यांत फक्त पास व्हायचे असते. एकट्याने मोकळ्या रस्त्यावर काढलेल्या वेळेवर विश्वास ठेवू नये. रॅलीत एका तुकडीत खूप मुले असतात, पहिल्या वळणावर कोपर लागते, कोणाच्या तरी टाचेत पाय अडकतो, आणि वेळ संपली की जवान शेवटच्या रेषेवर दोरी धरून उभे राहतात. गर्दीत धावण्याचा सराव चार-पाच जणांनी मिळून करता येतो. मात्र 2023 पासून लेखी परीक्षा आधी आणि मैदान नंतर असा क्रम झाला आहे, त्यामुळे पुस्तक बाजूला ठेवून नुसते पळणारा मुलगा आता मैदानापर्यंत पोहोचतच नाही. गणित, सामान्य विज्ञान आणि सामान्य ज्ञान दहावीच्या पातळीवर पक्के हवे; चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात.

शिक्षणाबद्दल माझे मत ठाम आहे. जनरल ड्युटीला दहावी चालते म्हणून दहावीनंतर शाळा सोडून अकॅडमीत जाऊन बसणे मला पटत नाही. बारावी झालेल्याला क्लार्क आणि टेक्निकलच्या जागा खुल्या होतात, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी ज्याचे गणित व इंग्रजी चांगले आहे त्याने अग्निवीरचा विचार करण्याआधी एन.डी.ए.ची, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा द्यावी. ती हुकली तर अग्निवीरचा मार्ग राहतोच, पण वय गेल्यावर एन.डी.ए. परत येत नाही. त्या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला मुलांची आणि नाशिकला मुलींची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था राज्य शासन चालवते. मुलींना 2022 पासून खडकवासल्याचे दार उघडले आहे, आणि अग्निवीर म्हणून मिलिटरी पोलीसमध्येही त्यांची भरती होते. सेवेत असताना इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदवी करता येते, तिच्यात प्रशिक्षणाचे श्रेयांकही धरले जातात, आणि ही सोय चार वर्षांत पदरात पाडून घेणाऱ्याचा परतीचा रस्ता बराच सोपा होतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी 10 टक्के राखीव जागा 2022 मध्ये जाहीर झाल्या. राखीव जागा म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. तिथेही स्पर्धा आहे आणि तिथे स्पर्धक म्हणून समोर तुमच्याच तुकडीतली मुले असतील.

किती वेळा प्रयत्न करायचा, हे सुरुवातीलाच ठरवावे. ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणत वयोमर्यादेच्या शेवटच्या भरतीपर्यंत जाणारा मुलगा त्या दिवशी मैदानाबाहेर येतो तेव्हा त्याच्याकडे पदवी नसते आणि हुन्नरही नसतो. सैन्याची आणि पोलीस भरतीची तयारी बरीचशी एकच असल्याने दोन्ही फॉर्म भरणे शहाणपणाचे आहे, आणि सोबत कॉलेज किंवा आय.टी.आय. चालू ठेवणे त्याहून शहाणपणाचे.

कागदपत्रांत आधार कार्ड आणि दहावीची गुणपत्रिका यांवरचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः जुळली पाहिजे. ही दुरुस्ती जाहिरात निघाल्यावर करायला गेले की वेळ पुरत नाही.

शेवटी दलालांविषयी सांगतो, कारण भरतीच्या दिवसांत ते प्रत्येक तालुक्याच्या गावी हजर असतात. त्यांची पद्धत साधी आहे. वीस मुलांकडून पैसे घ्यायचे आणि काहीही करायचे नाही. त्यातली तीन-चार मुले स्वतःच्या पायांवर आणि स्वतःच्या अभ्यासावर निवडली जातात. त्यांचे पैसे ठेवून घ्यायचे आणि बाकीच्यांना ‘या वेळी जमले नाही’ म्हणून थोडेफार परत करायचे. निवडलेली मुले मग स्वतःच त्या दलालाची जाहिरात करत फिरतात. सैन्यात निवड होण्यासाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत, भरतीची सगळी माहिती ‘जॉइन इंडियन आर्मी’ या अधिकृत संकेतस्थळावर आणि पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर इथल्या भरती कार्यालयांत मिळते. मूळ गुणपत्रिका ‘वर दाखवायला’ म्हणून कोणी मागितली तर ती हातची सोडू नये. पैसे न दिल्यास ती अडवून धरली जाते आणि ती सोडवण्याच्या फेऱ्यांत रॅलीची तारीख निघून जाते.