गल्फला फिरायला जाताय? मग उंच बिल्डिंगी ऊन बघून बघा

आपल्या जळगाव-भुसावळकडची बरीच पोरं कुवेत, दोहा, दुबईला कामाला आहेत आणि मग कधी ना कधी घरचेही व्हिजिट व्हिसावर जातातच, तर त्यांच्यासाठी लिहितोय. तिथे जाऊन नुसती मान वर करून सेल्फी काढून येऊ नका राव. आपण मे महिन्यात 45 डिग्री काढणारी माणसं, पश्चिमेची भिंत दुपारनंतर कशी तापते आणि रात्री दहापर्यंत घर कसं भाजतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको, तोच डोळा तिथे वापरा.

आधी मोबाईलमधला कंपास काढून दिशा बघून घ्या, बाकीचं नंतर. कुवेत सिटीतला अल हमरा टॉवर 2011 चा, 412 मीटर, तिथली सगळ्यात उंच बिल्डिंग. दक्षिणेकडून बघाल तर दगड लावलेली काँक्रीटची भिंत आणि त्यात छोट्या छोट्या खिडक्या, आणि समुद्राकडच्या बाजूला सगळी काच. म्हणून पूर्ण चक्कर मारल्याशिवाय निघू नका. दोहा टॉवर 238 मीटरचाच आहे पण मला सगळ्यात जास्त तोच आवडतो, अख्ख्या बिल्डिंगला ॲल्युमिनियमची जाळी घातलीय, उत्तरेला विरळ आणि पूर्व-पश्चिमेला दाट, कारण सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन सरळ आत घुसतं. अबुधाबीत अल बहर नावाचे दोन टॉवर आहेत, त्यांच्या बाहेर छत्र्यांसारख्या जाळ्या लावल्यात आणि सूर्य फिरतो तशा त्या उघडतात-मिटतात, म्हणून तिथे सकाळी एकदा आणि दुपारी एकदा असं दोनदा जा.

बहरीनला वारा बघायचा. वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन टॉवर 240 मीटरचे, मध्ये तीन पूल आणि प्रत्येक पुलावर 29 मीटर व्यासाची पवनचक्की. आपल्या साक्रीकडच्या पवनचक्क्या वाऱ्याकडे तोंड फिरवतात, इथल्या जागेवरच फिक्स आहेत, म्हणून टॉवरलाच शिडासारखा आकार दिलाय की वारा आपोआप मधल्या फटीत ओढला जावा.

उंचीचे आकडे जुळवताना एक काळजी घ्या. बुर्ज खलिफा 828 मीटर खरा, पण वरचे जवळपास 240 मीटर नुसतं टोक आहे, तिथे कोणी राहत नाही. आणि कुवेतचा लिबरेशन टॉवर 372 मीटरचा असूनही बिल्डिंगच्या यादीत येत नाही, तो टेलिकॉम टॉवर आहे, आणि यादीत यायला निम्म्याहून जास्त उंची वापरात पाहिजे.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, उन्हाळ्यात तिथे पायी फिरणं आपल्यालाही झेपत नाही. तिथल्या उन्हाळ्यात बुर्जचं काँक्रीट सुद्धा बर्फ टाकून रात्री ओतलं होतं, आपल्याकडचे मिस्त्री मे मध्ये पहाटेच स्लॅब का धरतात ते आठवा. बुर्जवर 124 व्या मजल्याचं तिकीट पुरतं, फक्त सूर्यास्ताची वेळ आधीच बुक करा. वर सूर्य खालच्यापेक्षा उशिरा मावळतो, रमजानमध्ये 80 व्या मजल्याच्या वरचे लोक रोजा दोन मिनिटं आणि 150 च्या वरचे तीन मिनिटं उशिरा सोडतात. घरचं कोणी खाली थांबलं असेल तर फोन लावून ठेवा, त्यांचा सूर्य गेला की सांगायचं, आणि तुम्ही वर घड्याळ बघत उभे राहा.