बायबलविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देताना: हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जो कोणी बायबल अभ्यासाचा वर्ग चालवतो, दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गातल्या मुलांना शिकवतो किंवा तरुण संघात बोलतो, त्याच्याकडे लवकरच प्रश्न येऊ लागतात. ते केवळ मंडळीतल्या माणसांचे नसतात. कचेरीतले सहकारी, शेजारी आणि लग्नकार्यात भेटलेले दूरचे नातलगही विचारतात. मी पाळक नाही. नोकरी सांभाळून पुण्यातल्या एका मराठी मंडळीत गेली बरीच वर्षे हे काम करत आलो आहे, आणि ज्यांच्या गळ्यात ही जबाबदारी नव्याने पडली आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

उत्तर तोंडावर आले तरी आधी एक गोष्ट ताडून पाहावी: विचारणाऱ्याचा प्रश्न कोणत्या जातीचा आहे? काही प्रश्न मजकुराचे असतात, म्हणजे बायबलमध्ये अमुक लिहिले आहे का, एवढेच त्याला हवे असते. काही इतिहासाचे असतात: हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, आपल्यापर्यंत कसे पोहोचले. उरलेले श्रद्धेचे असतात: हे तुम्ही खरे का मानता आणि त्याने तुमच्या जगण्यात काय फरक पडतो. इतिहासाच्या प्रश्नावर ‘विश्वास ठेवा’ म्हणून बोळवण केली, किंवा श्रद्धेच्या प्रश्नावर हस्तलिखितांच्या तारखा ऐकवल्या, तर विचारणारा मान डोलावतो आणि पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

मजकुराचे प्रश्न सर्वांत सोपे, पण तिथेच आपली गफलत अधिक होते, कारण नाताळच्या नाटिकांतून आणि चित्रांतून मनात बसलेले पुष्कळ काही आपण बायबलचे म्हणून सांगत असतो. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात बाळ येशूला पाहायला पूर्वेकडून आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी लोकांची संख्या दिलेली नाही. सोने, ऊद व गंधरस या देणग्या तीन, म्हणून माणसे तीन धरली गेली. ते राजे होते असेही तिथे म्हटलेले नाही, आणि उंटांचा तर पत्ताच नाही. २५ डिसेंबर ही तारीख कोणत्याही शुभवर्तमानात नाही. एदेन बागेतले फळ सफरचंद होते, असे उत्पत्तीच्या पुस्तकात कुठेही लिहिलेले नाही. आदामाचा मुलगा काइन याला बायको कुठून मिळाली, हा प्रश्न तर प्रत्येक नव्या तुकडीतला एखादा मुलगा मोठ्या विजयाने विचारतोच. त्याला उत्पत्ती ५:४ दाखवावे, कारण आदामाला आणखी मुलगे व मुली झाल्याचे तिथे सांगितले आहे; मात्र लेखकाला या तपशिलात फारसा रस दिसत नाही, हेही सांगून टाकावे. काइन कोणाला भितो आणि नगर कोणासाठी बांधतो, याचाही खुलासा तो करत नाही.

ओवी एकटी वाचू नये, हा नियम सगळेच सांगतात. आपल्याकडे त्याची खरी परीक्षा गणेशोत्सवात होते. शेजारच्या काकूंनी प्रसादाचे ताट आणून दिले तर काय करावे, हा प्रश्न दर वर्षी येतो. विचारणाऱ्या दोघांनी दोन ओव्या आधीच पाठ करून आणलेल्या असतात. एक म्हणतो, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ ८:४) मूर्ती काहीच नाही असे म्हटले आहे, तेव्हा खायला हरकत काय? दुसरा १०:२१ काढून दाखवतो, की प्रभूच्या मेजाचे आणि भुतांच्या मेजाचे असे दोन्हीकडचे भागीदार होता येत नाही. अशा वेळी मी दोघांनाही आठव्यापासून दहाव्या अध्यायापर्यंत सलग मोठ्याने वाचायला लावतो. मग दिसते, की करिंथमध्ये बाजारातले मांस, मित्राच्या घरचे जेवण आणि देवळातली मेजवानी असे तीन वेगवेगळे प्रसंग पौलापुढे आहेत. बाजारात विकले जाणारे मांस चौकशी न करता घ्या, कोणी जेवायला बोलावले तर वाढलेले खा, पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले तर त्याच्या सद्सद्विवेकासाठी खाऊ नका, असे तो म्हणतो. आणि देवळातल्या पूजेत भागीदार होण्याला त्याचा स्पष्ट विरोध आहे. यावरून प्रसादाबाबत मंडळ्यांमध्ये वेगवेगळ्या रीती पडल्या आहेत. आपल्या मंडळीची रीत कोणती, हे सांगावे. काकूंना दुखावून ताट परत पाठवण्याचा आदेश मात्र या अध्यायांतून निघत नाही, असे माझे मत आहे.

इतिहासाच्या प्रश्नांत भारतातला ठरलेला प्रश्न म्हणजे येशू काश्मीरला आला होता का. लूकाच्या दुसऱ्या अध्यायात येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमेच्या मंदिरात दिसतो आणि तिसऱ्या अध्यायात सुमारे तीस वर्षांचा असताना सेवेला आरंभ करतो. मधल्या काळाविषयी शुभवर्तमाने जवळजवळ काही बोलत नाहीत. निकोलाय नोतोविच या रशियन प्रवाशाने १८९४ मध्ये लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतातल्या वास्तव्याची पोथी पाहिल्याचा दावा प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून ही पोकळी भरण्याची हौस फिटलेली नाही. प्राच्यविद्येचे अभ्यासक मॅक्स म्युलर यांनी त्याच वर्षी या दाव्यावर शंका घेतली, आणि पुढच्या वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस स्वतः हेमिसला गेले तेव्हा तिथल्या मुख्य लामांनी अशी कोणतीही पोथी असल्याचे नाकारले. श्रीनगरची रोजाबल ही येशूची कबर आहे, ही अहमदिया पंथाची श्रद्धा ही याहून वेगळी गोष्ट आहे. ती क्रूसानंतरच्या काळाविषयी आहे, म्हणून दोन्हींची सरमिसळ करू नये. मला या बाबतीत मार्क ६:३ अधिक बोलके वाटते. नासरेथचे लोक येशूचे बोलणे ऐकून चकित होतात आणि ‘हा सुतार ना?’ असे विचारतात, त्याच्या आईचे आणि भावांचे नाव घेतात. परदेशात दीर्घकाळ राहून परतलेल्या माणसाविषयी गाव असे बोलत नाही.

बायबलमध्ये कोणती पुस्तके असावीत हे ३२५ सालच्या नायसिया परिषदेत मतदानाने ठरले, असेही ठामपणे सांगणारे भेटतात. ती परिषद मुख्यतः अरियसच्या शिकवणीवरून, म्हणजे पुत्र हा पित्यासारखाच देव आहे की निर्माण केलेला आहे या वादावरून भरली होती, आणि तिच्या उपलब्ध निर्णयांत पुस्तकांच्या यादीचा विषय नाही. नव्या कराराची आजची सत्तावीस पुस्तके, तेवढीच आणि नेमकी तीच, अलेक्झांड्रियाच्या अथनासियसने ३६७ मध्ये आपल्या पुनरुत्थान सणाच्या पत्रात नोंदवलेली आढळतात. ती यादी एका दिवसात झाली नव्हती. शुभवर्तमाने आणि पौलाची पत्रे त्याच्या बऱ्याच आधीपासून उपासनेत वाचली जात होती, तर इब्री लोकांस पत्र आणि प्रकटीकरण यांवर दीर्घकाळ चर्चा चालू राहिली. आपल्याकडे या प्रश्नाला घरगुती बाजूही आहे. वसईच्या कॅथलिक घरातली मुलगी नगरच्या प्रोटेस्टंट घरात सून म्हणून आली की देवघराच्या फळीवर दोन बायबले येतात. एकात त्र्याहत्तर पुस्तके, दुसऱ्यात सहासष्ट. कोणी काढली आणि कोणी घातली, असा वाद घालण्याऐवजी इतके सांगावे, की तोबीत, युदीथ, मक्काबी इत्यादी पुस्तके ग्रीक जुन्या करारात होती, इब्री संग्रहात नव्हती. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात प्रोटेस्टंटांनी इब्री यादी धरली आणि कॅथलिक चर्चने १५४६ मध्ये त्रेंतच्या परिषदेत त्या पुस्तकांचे स्थान अधिकृतपणे कायम केले.

मजकूर बदलला गेला आहे का, या प्रश्नाला घाबरून उत्तर देण्याचे कारण नाही. हस्तलिखितांत फरक आहेत, आणि ते आपणच सांगावेत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा वृत्तांत, म्हणजे योहान ७:५३ ते ८:११, सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. मार्काच्या शेवटच्या बारा ओव्याही सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातल्या दोन्ही प्रतींत नाहीत. अनेक आवृत्त्या हे भाग कंसात छापतात किंवा तळटीप देतात. वर्गात मी मुलांना आपापल्या बायबलात ते पान उघडून टीप आहे का ते शोधायला सांगतो. दुसरीकडे १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांत यशया या पुस्तकाची जी पूर्ण गुंडाळी आहे, ती तोवर हाती असलेल्या पूर्ण इब्री प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी आहे, आणि तिच्यात लहानमोठे पाठभेद असले तरी ग्रंथ ओळखीचा, आपलाच आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या, तर ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.

आता विसंगतींविषयी. इथे थोडे थांबतो, कारण नवखा माणूस बहुधा इथेच अडखळतो. २ शमुवेल २४:१ मध्ये परमेश्वराचा कोप इस्राएलावर भडकला आणि त्याने दाविदाला शिरगणती करण्यास चिथावले, असे आहे. १ इतिहास २१:१ मध्ये तीच शिरगणती, पण चिथावणारा सैतान. आकडेही जुळत नाहीत: एकीकडे इस्राएलाचे आठ लाख व यहूदाचे पाच लाख लढवय्ये, दुसरीकडे अकरा लाख व चार लाख सत्तर हजार. हा प्रश्न विचारला गेला की दोन्ही पाने शेजारी ठेवून आधी फरक मोठ्याने वाचावा. ‘तसे काही नाही’ असे म्हणणे हे सर्वांत वाईट उत्तर, कारण पुस्तक त्याच्या हातात असते. त्यानंतर ख्रिस्ती वाचकांनी काय म्हटले आहे ते सांगावे. काहींच्या मते देवाने परवानगी दिली आणि सैतानाने चिथावले, जसे ईयोबाच्या पहिल्या अध्यायात घडते. इतरांच्या मते ‘इतिहास’ या पुस्तकाचा लेखक बाबेलच्या बंदिवासानंतरच्या काळात लिहीत आहे. वाईटाचे मूळ थेट देवाकडे जोडणे त्याच्या पिढीला जड जात होते, म्हणून जुनाच प्रसंग तो आपल्या काळाच्या समजुतीने पुन्हा मांडतो. मला दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते, पण वर्गात मी दोन्ही सांगतो. आकड्यांना माझ्याकडे खात्रीचे उत्तर नाही, आणि ओढूनताणून जुळवलेल्या बेरजा मुलांना ताबडतोब ओळखू येतात. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताच्या मृत्यूचे मत्तय २७ आणि प्रेषितांची कृत्ये १ मधले दोन वृत्तांत, किंवा मत्तय व लूक यांतल्या वंशावळी, यांनाही हीच पद्धत लागू करावी.

यहोशवाच्या पुस्तकात कनान देश जिंकताना झालेल्या संहाराचा प्रश्न विसंगतीचा नाही, नीतीचा आहे, आणि तो विचारणारा बहुधा मनापासून अस्वस्थ असतो. त्याला आधी यहोशवा १०:४० आणि लगेच त्यापुढच्या शास्ते या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचायला द्यावा. पहिल्यात श्वास घेणारे कोणी उरले नाही असे म्हटले आहे, दुसऱ्यात न हाकललेल्या लोकांची लांबलचक यादी आहे. त्या काळचे राजे विजयाचे वर्णन असेच करत. मवाबाचा राजा मेशा याच्या इसवी सनपूर्व नवव्या शतकातल्या शिलालेखात, जो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, इस्राएल कायमचा नष्ट झाला असे कोरलेले आहे, आणि इस्राएल तर त्यानंतरही होता. पण एवढ्याने प्रश्न सुटला असे समजू नये. संहार करण्याची आज्ञा तिथे लिहिलेली आहेच. ख्रिस्ती माणूस ती ‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’ असे सांगणाऱ्या येशूच्या पायाशी बसून वाचतो, आणि यहोशवाचा दाखला देऊन आजच्या कोणत्याही हिंसेचे समर्थन करण्याचा अधिकार त्याला उरत नाही. इतके ठामपणे म्हणावे आणि उरलेली अडचण अडचण म्हणूनच ठेवावी.

काही प्रश्न दिसायला माहितीचे असतात, पण तसे नसतात. ‘जन्मांधाने पाप केले की त्याच्या आईबापांनी?’ हा योहान ९ मधला शिष्यांचा प्रश्न आपल्याकडचे मित्र पुनर्जन्माच्या संदर्भात काढतात, तेव्हा तो चर्चेचा विषय असतो, आणि येशूने दोन्ही पर्याय नाकारले हे दाखवता येते. पण दफनविधीनंतर मंडपाबाहेर, हातातला चहाचा कप तसाच धरून, एका आईने मला विचारले होते, की माझ्या मुलाचा बाप्तिस्मा राहून गेला होता, तर आता त्याचे काय? तिथे मी मतांची यादी मांडली नाही. त्याचे नाव विचारले, तो कसा होता ते ऐकले, आणि देव त्याला आपल्यापेक्षा चांगला ओळखतो, एवढेच म्हणालो. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले होते तोवर ठीक होते. बोलू लागल्यावर शेवटी देवाने त्यांनाच रागे भरले.

अभ्यासासाठी किमान दोन मराठी भाषांतरे, एक संदर्भग्रंथ आणि एक वही इतके पुरते. वहीत प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहावा, कारण आपण तो सुधारून लिहिला की आपल्याला सोयीचा होतो. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून मूळ इब्री आणि ग्रीक भाषांवरून केलेले भाषांतर मिळाले तर जवळ ठेवावे. त्यातली मराठी आपल्या नेहमीच्या प्रतीहून इतकी वेगळी आहे, की सवयीने डोळ्यांआड गेलेली ओवी पुन्हा दिसू लागते. रीतसर शिकायचे असेल तर पुण्यातल्या सेमिनरींत चौकशी करावी. धर्मशास्त्राच्या अनेक पदव्या सेरामपूरच्या सिनेटमार्फत मिळतात. हे बंगालमधले, मिशनरी विल्यम कॅरीचे सेरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे.

बालबाप्तिस्मा, अन्य भाषा बोलण्याचे दान, स्त्रियांची पाळकीय दीक्षा या विषयांवर मंडळ्यांतच मतभेद आहेत. तिथे आपल्या मंडळीची भूमिका तिच्या नावानिशी सांगावी, इतर ख्रिस्ती लोक त्याच ओव्या वेगळ्या वाचतात हे सांगावे, आणि विचारणाऱ्याला स्वतःच्या बाबतीत निर्णय घ्यायचा असेल तर पाळकांची वेळ घेऊन द्यावी.